सार्वजनिक व्याख्याने आणि विकास : रायपूरच्या संदर्भात एक अभ्यास

इ. स. १८७५ या एकाच वर्षी, एकमेकांशी काहीही संबंध नसलेले दोन उपक्रम सुरू झाले. पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ झाला आणि रायपूर या तेव्हाच्या मध्य प्रांतातील शहरात, राजनांदगाव संस्थानचे अधिपती महंत घासीदास यांच्या देणगीतून वस्तुसंग्रहालय उभे राहिले. (हे महंत घासीदास आणि सतनाम पंथाचे प्रवर्तक गुरू घासीदास या दोन भिन्न व्यक्ती होत. परीक्षेत येथे गल्लत होण्याचा संभव असतो.) पुण्यात ऐकण्याची सोय झाली, रायपुरात पाहण्याची. परंतु काचेच्या कपाटातील शिलालेख स्वतःहून बोलत नाही. तो वाचून, त्याचा अर्थ सामान्य नागरिकाच्या भाषेत उलगडून सांगणारा कोणीतरी लागतो. ते काम सार्वजनिक व्याख्यानाचे आहे. कला-इतिहास, संस्कृती आणि जागतिक घडामोडी या विषयांवरील अशा व्याख्यानांचे विकासातील स्थान काय, त्यांचा खर्च कोणी सोसावा आणि ती टिकतात कशामुळे, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पना

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूची दोन लक्षणे सांगितली जातात. एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही, हे पहिले. आणि किंमत न देणाऱ्यास उपभोगापासून दूर ठेवता येत नाही, हे दुसरे. पॉल सॅम्युएल्सन यांनी १९५४ मध्ये या संकल्पनेची काटेकोर मांडणी केली. राष्ट्रीय संरक्षण, दीपगृह, रस्त्यावरील दिवे ही तिची नेहमीची उदाहरणे होत.

व्याख्यान या कसोटीवर पूर्णपणे उतरत नाही. सभागृहात जागा आहे तोवर एका श्रोत्यामुळे दुसऱ्याचे काही कमी होत नाही. परंतु दाराशी तिकीट लावून लोकांना बाहेर ठेवणे शक्य असते. अशा वस्तूंसाठी जेम्स ब्यूकॅनन यांनी १९६५ मध्ये सभासद-वस्तूंचा सिद्धांत मांडला. म्हणजे व्याख्यान हे स्वभावतः सभासद-वस्तू आहे. ते सर्वांसाठी खुले ठेवायचे की नाही, हा समाजाचा निर्णय असतो.

तो निर्णय खुलेपणाच्या बाजूने का असावा? याचे उत्तर बाह्य लाभांत सापडते. ऐकलेली गोष्ट श्रोता घरी, कचेरीत, वर्गात सांगतो. मतदान करताना, ग्रामसभेत बोलताना ती वापरतो. हा लाभ सभागृहात न आलेल्यांनाही मिळतो आणि त्याची किंमत कोणत्याही तिकिटात वसूल होत नाही. जेथे समाजाचा लाभ व्यक्तीच्या लाभाहून अधिक असतो, तेथे केवळ बाजारावर विसंबल्यास ती वस्तू आवश्यकतेपेक्षा कमी प्रमाणात निर्माण होते. सार्वजनिक व्याख्यानांना आधार देण्याचे आर्थिक समर्थन हेच आहे.

व्यासपीठावरून घडलेले अर्थशास्त्र

भारतीय आर्थिक विचारांचा बराचसा भाग प्रथम सभेत मांडला गेला आणि नंतर ग्रंथात आला. दादाभाई नौरोजी यांनी १८६७ मध्ये लंडन येथे ईस्ट इंडिया असोसिएशनपुढे निबंध वाचून भारतातून होणाऱ्या संपत्तीच्या निःसारणाचा प्रश्न उपस्थित केला. त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ १९०१ मध्ये प्रकाशित झाला. न्या. रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर व्याख्यान दिले. इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले आर्थिक सिद्धांत भारतास जसेच्या तसे लागू होत नाहीत, हे त्यातील प्रतिपादन आजही अभ्यासक्रमात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २९ जानेवारी १९३९ रोजी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वार्षिक समारंभात, १९३५ च्या कायद्यातील संघराज्य योजनेची चिकित्सा केली. राज्यघटनेच्या अभ्यासकाला ते भाषण टाळता येत नाही.

याच परंपरेत एका न झालेल्या व्याख्यानाचाही समावेश करावा लागतो. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहिलेले अध्यक्षीय भाषण आयोजकांना त्यातील मते मान्य न झाल्यामुळे झालेच नाही. त्यांनी ते स्वतः छापून प्रसिद्ध केले. व्यासपीठ नाकारले गेले तरी विचार थांबला नाही, हे खरे. परंतु व्यासपीठाचे काय झाले, हेही पाहिले पाहिजे. तो विचार जगभर पोहोचला आणि ते मंडळ आज मुख्यतः या नकारामुळेच लोकांना आठवते.

वसंत व्याख्यानमाला दरवर्षी २१ एप्रिल ते २० मे या काळात होते. ठरलेला महिना, ठरलेली वेळ आणि रोज नवा विषय ही तिची पद्धत. वक्ते बदलत गेले, राज्यकर्ते बदलले. तारीख मात्र राहिली. पुणे विद्यापीठाने स्वातंत्र्योत्तर काळात बहिःशाल शिक्षण मंडळामार्फत आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या नावाच्या व्याख्यानमालेद्वारे वक्ते गावोगावी पाठविले. विद्यापीठाने आपल्या भिंतींबाहेर जाण्याची ही कल्पना इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये अमलात आणली होती. महाराष्ट्रात तिला गावातील वाचनालये आणि महाविद्यालये यांची जोड मिळाली.

रायपूर : सामग्री दाराशी

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य स्थापन झाले आणि रायपूर राजधानी बनले. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ येथे १९६४ पासून आहे. बस्तर, सरगुजा, महासमुंद येथून हजारो विद्यार्थी शिक्षणासाठी आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी या शहरात येतात. त्यांच्या पाठ्यपुस्तकातील अनेक गोष्टी शहरापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर आहेत.

महानदीच्या काठचे सिरपूर हे त्याचे ठळक उदाहरण. ही दक्षिण कोसलाची प्राचीन राजधानी श्रीपूर. येथील विटांचे लक्ष्मण मंदिर सातव्या शतकात राणी वासटा हिने पती हर्षगुप्त याच्या स्मरणार्थ बांधविले. महाशिवगुप्त बालार्जुन हा तिचा पुत्र. चिनी प्रवासी ह्युएन त्संग याच शतकात कोसल देशात येऊन गेला. राणी वैष्णव, तिचा पुत्र शैव आणि त्याच्याच राज्यात बौद्ध विहार भरभराटीस आलेले, ही स्थिती भारतीय संस्कृतीच्या संमिश्र स्वरूपाचा पुरावाच आहे. सिरपूरचे उत्खनन १९५० च्या दशकात सागर विद्यापीठाच्या वतीने डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी केले आणि आनंदप्रभू या भिक्षूचा विहार प्रकाशात आणला. पुढे २००० नंतरच्या उत्खननांत बाजारपेठेचे अवशेषही मिळाले. कलेच्या इतिहासाबरोबर व्यापाराचा इतिहासही तेथे वाचता येतो.

या प्रदेशातील कलचुरी राजांचे शिलालेख व ताम्रपट संपादित करण्याचे मोठे काम नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले. त्यांचा बृहद्ग्रंथ १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला. ही सर्व सामग्री इंग्रजीत, मोठ्या ग्रंथालयांत आहे. छत्तीसगडी किंवा हिंदी बोलणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत ती पोहोचण्यासाठी मधला दुवा लागतो.

असा दुवा होण्याचे काम रायपुरात एका मराठी भाषिकाने शतकापूर्वी केले, हे विशेष होय. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी रतनपूरहून छत्तीसगडचा कारभार पाहिला, तेव्हापासून येथे मराठी वस्ती वाढत गेली. या समाजातील माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर सहसंपादक होते आणि वामन बळीराम लाखे प्रकाशक. सप्रे यांनी समर्थांचा दासबोध आणि लोकमान्यांचे गीतारहस्य हिंदीत आणले. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या शास्त्रीय कोशासाठी अर्थशास्त्राची हिंदी परिभाषा जुळविण्याचे कामही त्यांच्याकडे होते. आज हिंदी माध्यमातून अर्थशास्त्र शिकणारा विद्यार्थी त्या परिश्रमांचा वारसदार आहे.

मात्र ‘छत्तीसगढ मित्र’ डिसेंबर १९०२ मध्ये बंद पडले. गुणवत्ता होती, वाचक थोडे होते आणि तोटा सोसणारा निधी नव्हता. तीन वर्षांत थांबलेले हे मासिक आणि दीडशे वर्षांचा टप्पा गाठलेली वसंत व्याख्यानमाला यांतील फरक विद्वत्तेचा नसून व्यवस्थेचा आहे. विशेष म्हणजे त्याच प्रकाशक लाखे यांनी पुढे १९१३ मध्ये रायपुरात सहकारी बँकेचा पाया घातला. थोड्या थोड्या भांडवलातून टिकाऊ संस्था उभी करणे हेच सहकाराचे तत्त्व आहे.

रायपुरात व्याख्यानांची परंपरा रुजली ती विशेषतः विवेकानंद आश्रमात. स्वामी विवेकानंदांचे किशोरवयातील काही काळ, १८७७ पासून, या शहरात वास्तव्य होते. स्वामी आत्मानंद यांनी आश्रमात दिलेली गीतेवरील प्रवचने पुढे ग्रंथरूपाने आली आणि आश्रमाचे ‘विवेक ज्योति’ हे नियतकालिक १९६३ मध्ये सुरू झाले. वस्तुसंग्रहालयासाठी राणी ज्योतिदेवी आणि त्यांचे पुत्र दिग्विजयदास यांनी पुन्हा देणगी दिली. त्या नव्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. खैरागढ येथे १९५६ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा कला संगीत विद्यापीठाचे कुलगुरुपद सुरुवातीच्या काळात पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी भूषविले. २०१८ मध्ये रायपुरात नालंदा परिसर हे दिवसरात्र खुले असणारे अभ्यास केंद्र सुरू झाले. म्हणजे वास्तू आहेत, विषय आहेत, तज्ज्ञ आहेत आणि श्रोतेही आहेत. या चारही गोष्टींना वर्षानुवर्षे एकत्र बांधणारी व्यवस्था हाच कळीचा मुद्दा राहतो.

जग आणि आपले गाव

जागतिक घडामोडी हा विषय दूरचा वाटतो. प्रत्यक्षात तो घराशेजारी असतो. रायपूरनजीकचा भिलाई पोलाद कारखाना हे त्याचे उदाहरण. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात त्याचा करार झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रारंभिक क्षमता १० लाख टन होती. त्याच काळात राउरकेला पश्चिम जर्मनीच्या आणि दुर्गापूर ब्रिटनच्या साहाय्याने उभे राहिले. दोन गटांत विभागलेल्या जगाकडून एकाच वेळी तंत्रज्ञान मिळविणे हा अलिप्ततावादाचा आर्थिक अर्थ होता. ज्या विद्यार्थ्याच्या घरी भिलाईचा पगार येतो, त्याला हे धोरण पाठ करावे लागू नये.

दुसरे उदाहरण भाताचे. १९७० च्या दशकात डॉ. आर. एच. रिछारिया यांनी रायपूर येथे सुमारे १९,००० भातवाणांचे नमुने जमविले. पुढे हा संग्रह १९८७ मध्ये स्थापन झालेल्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आला. २००२ मध्ये एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीशी या विद्यापीठाच्या सहकार्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा वाणांवर हक्क कोणाचा, असा प्रश्न शेतकरी संघटना, पत्रकार आणि कार्यकर्ते यांनी जाहीरपणे विचारला. वाद वाढला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस कंपनीने माघार घेतली. या वादामागे १९९२ चा जैवविविधता करार होता. जैविक संपत्तीवर त्या त्या देशाचा सार्वभौम हक्क असतो आणि लाभाची न्याय्य वाटणी झाली पाहिजे, ही त्याची सूत्रे. भारताने २००१ मध्ये वनस्पती वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायदा व २००२ मध्ये जैविक विविधता कायदा केला. त्या प्रस्तावाच्या गुणदोषांवर मतभेद असू शकतात. परंतु प्रश्न विचारला गेला तो लोकांना विषय समजल्यामुळे. रिओ येथील कराराचा धमतरीच्या शेतातील बियाण्याशी काय संबंध, हे कोणीतरी त्यांना आधी समजावून सांगितले होते. सार्वजनिक व्याख्यानाने साधावयाचे ते हेच.

खर्चाचे गणित

व्याख्यानाचा खर्च बव्हंशी स्थिर असतो. उदाहरणादाखल, एका व्याख्यानास सभागृह, ध्वनियोजना आणि वक्त्याचा प्रवास मिळून २०,००० रुपये लागतात असे धरू. श्रोते १०० असल्यास दरडोई खर्च २०० रुपये, ४०० असल्यास अवघा ५० रुपये. जास्तीच्या श्रोत्याचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. अशा स्थितीत तिकीट लावणे म्हणजे काहीही खर्च न वाचविता श्रोता गमावणे होय. म्हणून प्रवेश विनामूल्य ठेवून स्थिर खर्च अन्य मार्गाने भागविणे कार्यक्षमतेच्या दृष्टीने योग्य ठरते.

येथे दुसरी अडचण येते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये दाखविले की, प्रयोगकलांची उत्पादकता यंत्राने वाढत नाही. इतर क्षेत्रांतील वेतने वाढली की येथील खर्चही वाढतो. एका तासाचे व्याख्यान देण्यास १८७५ मध्ये एक तास लागत होता, आजही एक तासच लागतो. यास्तव उत्पन्न महागाईबरोबर वाढले पाहिजे.

यावर पारंपरिक उपाय म्हणजे कायमस्वरूपी ठेव. परंतु तिचे गणित नीट समजून घ्यावे. १० लाख रुपयांच्या ठेवीवर साडेसहा टक्के दराने वर्षाला ६५,००० रुपये व्याज मिळेल. ते सर्व खर्च केले आणि महागाई ४ टक्के राहिली, तर साधारण १८ वर्षांत निधीची क्रयशक्ती निम्मी होते. (७२ या संख्येस वाढीच्या दराने भागले की दुप्पट होण्याचा काळ मिळतो.) निधी शाबूत ठेवावयाचा तर वास्तविक दर अडीच टक्केच, म्हणजे २५,००० रुपये खर्चावे आणि ४०,००० मुद्दलात मिळवावे. स्मारक व्याख्यानमालांचे निधी कागदावर पूर्ण असूनही वीस वर्षांनी अपुरे पडतात, त्याचे कारण या एका आकडेमोडीत आहे.

शासकीय आधाराची तरतूदही आहे. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांत सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक बाबींचे संवर्धन आहे. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी ग्रंथालये आणि सांस्कृतिक कार्य आहेत. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये पात्र कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्चावयाची असते. अनुसूची सातमध्ये कला, संस्कृती, वारसा आणि सार्वजनिक ग्रंथालये यांचा उल्लेख आहे. एकवेळच्या समारंभी कार्यक्रमांवरील खर्च मात्र त्यात धरला जात नाही, असे २०१४ मध्ये स्पष्ट करण्यात आले. सातत्यपूर्ण प्रकल्पाला मदत आणि उत्सवाला नाही, हा भेद आपल्या विषयासही लागू पडतो.

आक्षेप आणि मर्यादा

महाजालावर सर्व व्याख्याने उपलब्ध असताना सभागृह हवे कशाला, असा आक्षेप घेतला जातो. ध्वनिचित्रफितीचा प्रसार मोठा आणि खर्च नगण्य, हे मान्य केले पाहिजे. परंतु फितीला प्रश्न विचारता येत नाही आणि शेजारच्या खुर्चीवरील अनोळखी नागरिकाचा वेगळा प्रश्न तेथे कानी पडत नाही. दोन्ही साधने परस्परपूरक आहेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विनामूल्य असले तरी व्याख्यान सर्वांना मिळत नाही. रात्री उशिरा संपणाऱ्या सभेला वसतिगृहातील विद्यार्थिनी येऊ शकत नाहीत; उपनगरातील विद्यार्थ्यास परतीची बस नसते; वक्त्याची भाषा जड असल्यास नवा श्रोता दुसऱ्यांदा येत नाही. येथे तिकिटाची जागा वेळ, अंतर आणि भाषा हे अदृश्य अडसर घेतात. सायंकाळी लवकरची वेळ, बसमार्गावरील ठिकाण आणि हिंदी-छत्तीसगडीतील सारांशपत्रक या साध्या उपायांनी ते बरेच दूर होतात.

तिसरी मर्यादा स्वातंत्र्याची. निधी देणाऱ्याने वक्ता व विषय ठरविण्यास सुरुवात केली की व्याख्यानमालेची जाहिरात होते. लाहोरचे उदाहरण यासाठीच स्मरणात ठेवावे. देणगीदार आणि विषय-निवड समिती वेगळी असणे हा संस्थात्मक उपाय होय.

विद्यार्थ्यांसाठी

घटनेच्या अनुच्छेद ५१-क मध्ये संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे आणि वैज्ञानिक दृष्टी व जिज्ञासा विकसित करणे ही मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. ती १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आली. व्याख्यान ऐकणे हा त्यांच्या पालनाचा एक मार्ग मानता येईल. परीक्षेच्या दृष्टीनेही त्याचा उपयोग आहे. ऐकताना प्रत्येक वाक्य टिपू नये. वक्त्याचे मुख्य प्रतिपादन, त्याचे दोन-तीन पुरावे आणि आपल्या मनात उठलेला एक प्रश्न एवढेच लिहावे. घरी आल्यावर नावे व वर्षे प्रमाणग्रंथांतून पडताळावी. शेवटी त्या विषयाचे आपल्या जिल्ह्यातील एक उदाहरण जोडावे. स्वतः पाहिलेल्या सिरपूरचा दाखला देणारे उत्तर पाठ केलेल्या उत्तराहून वेगळे उठून दिसते.

समारोप

व्याख्यानमाला वक्त्यांमुळे गाजते, पण टिकते ती व्यवस्थेमुळे. न बदलणारी तारीख, महागाईला पुरून उरणारा निधी, खुले दार आणि प्रश्न विचारण्याचा हक्क हे त्या व्यवस्थेचे चार आधार होत. यांतील एकही बाब फार खर्चिक नाही. महाविद्यालय, ग्रंथालय, महापालिका आणि नागरिकांची मंडळे यांनी एकत्र येऊन वर्षातील दहा दिवस राखून ठेवले, तर दूरच्या तालुक्यातून आलेल्या विद्यार्थ्याला शिकवणीचे शुल्क न भरता आपल्याच प्रदेशाची आणि जगाची ओळख होऊ शकेल. १८७५ मध्ये रायपूरला कपाटे मिळाली. त्यांतील शिलालेख वाचून दाखविणारा नियमित आवाज मिळवून देणे हे आता येथील संस्थांचे काम आहे.

सरावासाठी प्रश्न

१. सार्वजनिक वस्तू आणि सभासद-वस्तू यांतील भेद व्याख्यानमालेच्या उदाहरणाने स्पष्ट करा.

२. ठेवीचा नाममात्र व्याजदर आणि वास्तविक व्याजदर यांतील फरक सांगा. सांस्कृतिक संस्थांच्या दृष्टीने त्याचे महत्त्व काय?

३. ‘जागतिक करारांचा परिणाम स्थानिक जीवनावर होतो.’ भिलाई पोलाद कारखाना आणि छत्तीसगडचे भातवाण यांच्या आधारे चर्चा करा.

४. सांस्कृतिक संवर्धनाबाबत अकराव्या व बाराव्या अनुसूचीतील तरतुदी सांगून, स्थानिक स्वराज्य संस्थांनी त्यांचा वापर कसा करावा याविषयी आपले मत मांडा.